बिनतक्रार चाकू

१२ नोव्हेंबर

ताई,

खोकं हलकं लागलं म्हणून वाटेत कुणी काही काढून घेतलं असं समजू नकोस. आत चाकू आहे आणि तो तेवढाच हलका आहे. घडीचा, खिशात मावणारा, आणि हरवला तर रडू येऊ नये अशा किमतीचा. आमच्या कारखान्याचा हा नवा माल.

माझं टेबल आता जिन्याखाली आलंय. वरून कुणी उतरलं की डोक्यावर धूळ पडते. सकाळी मी तयार मालातले दहा चाकू काढून मोजतो, दुपारी कार्डं वाचतो. प्रत्येक खोक्यात एक कार्ड असतं, त्यावर चाकू घेणाऱ्याने आपला अभिप्राय लिहून पाठवायचा. बहुतेक जण लिहितात, छान आहे, सफरचंद कापलं. एकाने लिहिलंय, बायकोला आवडला नाही. का, ते लिहिलेलं नाही. मालक म्हणतात, सफरचंदवाल्यांचं मत घेऊन मी काय करू, ज्याचं पोट चाकूवर चालतं अशा एकाचं कार्ड आणून दाखव.

म्हणून तुला पाठवतोय. तू गुलाबाच्या खुंटाची साल उचलून कलमाचा डोळा आत बसवतेस तेव्हा पात्याच्या पाठीवर जोर येतो. तसा जोर सफरचंद कापताना येत नाही. बाकी मी आधी काही सांगत नाही, नाहीतर तू माझ्या डोक्याने लिहिशील. आठवडाभर वापर आणि जसं असेल तसं लिही. कार्डावर नाव घालायचं नसतं, फक्त काम आणि कामाच्या ठिकाणाचा पत्ता लिहायचा. तू माझी बहीण आहेस हे मालकांना सांगितलेलं नाही. ते तसंच राहू दे.

मुठीचा आकार मी काढून दिलाय. मला कायम करायचं की नाही ते नव्या वर्षाच्या आत ठरेल. वजनकाट्यांच्या कारखान्यात तोंड उघडलं आणि घरी बसलो, तसं इथे करणार नाही. तेव्हा तुझ्या मागच्या खोलीला माझ्यापासून काही धोका नाही.

तुझा,
बारक्या


२३ नोव्हेंबर

बारक्या,

चाकू मिळाला. नर्सरीत सगळ्यांना दाखवला. मुकादम म्हणाला, हा चाकू आहे की चाकूचा फोटो. माझ्या समोर बसते ती मैना (हे तिचं खरं नाव नव्हे, दिवसभर गुणगुणते म्हणून आम्ही ठेवलेलं) म्हणाली, भावाने पाठवलाय म्हणजे धार असणारच, त्याच्या तोंडाला असते तशी. ती तुला फक्त माझ्या सांगण्यावरून ओळखते, तरी बरोबर ओळखते.

मूठ फार छान जमलीय. संध्याकाळपर्यंत मनगट दुखतं ते दुखलं नाही. तू लहानपणी साबणाच्या वड्या कोरून घोडे करायचास आणि आंघोळीच्या वेळी घोडा डोक्याला लावावा लागायचा, त्याची आठवण झाली. शेवटी कुणीतरी तुझ्या हाताची किंमत केली म्हणायची.

कार्ड सोबत आहे. तुला वेगळं वाचायला नको म्हणून इथेही उतरवते: “वीस वर्षं गुलाबाचे डोळे भरते, रोज चारशे. हातात चाकू आहे हे हाताला जाणवतही नाही. पातं एकदा उघडलं की जागचं हलत नाही. साल उचलताना या पात्यावर खुशाल भरवसा ठेवावा. माझी काही तक्रार नाही.” खाली नर्सरीचा पत्ता आणि काम लिहिलंय: गुलाबाची कलमं करणारी एक कारागीर.

पुरेसं झालं का? अजून गोड हवं असेल तर दुसरं कार्ड पाठव. तू कायम झालास की मला गंगेत घोडं न्हाल्यासारखं होईल. ते आठ महिने मी विसरलेले नाही. मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचास आणि मी दाराबाहेर ताट ठेवून जायची. तुझं खरं होतं, काटे खोटेच होते, पण त्या खरेपणाचं काय लोणचं घालायचं होतं? आता मूग गिळून बस, आणि टेबल जिन्याखालून वर ने.

अक्षर वाकडं आलंय. बोटाला काटा लागलाय, चिंधी बांधली आहे. विशेष काही नाही.

ताई


२ डिसेंबर

ताई,

कार्ड मालकांनी उभं राहून वाचून दाखवलं, सगळ्या कारखान्याला. मग म्हणाले, हे छापा. आता प्रत्येक खोक्यात तुझ्या चार ओळींची चिठ्ठी जाणार. काल मला आत बोलावून कायम झाल्याचं पत्र दिलं. म्हणाले, हे असं कार्ड आणणारा माणूस मला हवाय.

आता मी एक विचारतो. त्याचं नीट उत्तर दे.

मुठीच्या आत एक लोखंडी अडसर असतो. पातं उघडलं की तो त्याच्यामागे येऊन बसतो आणि पात्याला मिटू देत नाही. नमुन्याच्या चाकूत तो जाड होता. माल निघायला लागला तेव्हा तो पातळ झालेला मला मोजताना सापडला. मी सगळी मापं वहीत लिहून ठेवली आहेत. माझ्याकडे अकरा कार्डं अशी आहेत की पाठीवर जोर आला की चाकू आपोआप मिटतो. मालक म्हणतात, ते लोक चाकू हातोडीसारखा वापरत असतील. मी ठरवलं होतं की तुझं कार्ड आलं की ते आणि वही एकदमच त्यांच्यापुढे ठेवायची. तुझं कार्ड वेगळंच आलं.

तुझा चाकू एकदाही मिटला नाही? रोज चारशे वेळा साल उचलून? नसेल मिटला तर मला आनंदच आहे, मोजण्यात माझीच काही चूक झाली असं समजेन. पण मिटला असेल तर आत्ताच सांग. अजून छपाई व्हायची आहे. बोटाला काटाच लागला होता ना?

बारक्या


९ डिसेंबर

बारक्या,

कायम झाल्याचं वाचून मी पत्र हातात घेऊन अंगणात तीन फेऱ्या मारल्या. शेजारीण म्हणाली, काय हरवलं? म्हटलं, सापडलं.

आता तुझ्या प्रश्नाचं. नाही मिटला. काटाच होता. गुलाबात काम करणाऱ्या बाईला काटा लागला याचं तुला एवढं नवल का वाटावं? आणि तुझ्या अकरा लोकांचं मला काही सांगू नकोस. हात चुकला तर तो चाकूचा दोष नसतो. ज्याला घडीचा चाकू धरता येत नाही त्याने विळी घेऊन बसावं.

वही कपाटात टाक. तुला प्रत्येक ठिकाणी काहीतरी पातळ सापडतं. तिकडे वजनं हलकी सापडली, इथे अडसर पातळ. माणसाने एखाद्या कारखान्यात सुखाने नांदावं की नाही? मी सांगते ना ठीक आहे, मग ठीक आहे. लहानपणापासून तुझं सगळं मी बघत आले, एवढं तरी माझं ऐक.

स्वेटर पाठवते आहे. जिन्याखाली वारा येत असेल.

ताई


१७ जानेवारी

ताई,

स्वेटर बसला. टेबल वर आलं, खिडकीपाशी.

तुझं ऐकलं. वही कपाटात टाकली आणि वर जुन्या पावत्यांचा गठ्ठा ठेवला. चिठ्ठी छापून झाली, माल दुप्पट निघतोय. मिटल्याची कार्डं अजून येतात, आता मोजत नाही. प्रत्येकाला उत्तर जातं, मीच मजकूर ठरवलाय: अनुभवी कारागिरांना असा त्रास होत नाही, हात चुकला तर तो चाकूचा दोष नसतो. तुझं वाक्य आहे, चांगलं चालतं. लिहिताना आधी मध्येच थांबायचो. आता हात आपोआप चालतो.

मालकांनी तुमच्या नर्सरीला वीस चाकू भेट पाठवायला सांगितलेत. पत्ता कार्डावर होताच. सोबतच्या कागदावर मी फक्त “वापरून पाहण्यासाठी” एवढंच लिहिलंय, म्हणजे ती चिठ्ठीवाली बाई तूच हे कुणाला कळणार नाही. या आठवड्यात मिळतील.

तू म्हणतेस तसंच असणार. रोज हातात चाकू धरणाऱ्या माणसापेक्षा मोजपट्टीला जास्त कळतं असं मानणारा मी कोण?

बारक्या


६ फेब्रुवारी

बारक्या,

हे पत्र मी तीनदा फाडलं. आता जसं येईल तसं लिहिते.

तिसऱ्याच दिवशी मिटला होता. साल उचलली, खट्ट झालं, आणि पातं बोटावर. काटा वगैरे काही नव्हतं. थोडक्यात निभावलं, कारण मी बोट जरा लांब धरते, ती माझी जुनी खोड. त्यानंतर कलमाचा डोळा बांधायची फीत घेतली, पातं उघडून मुठीच्या बुडाशी, खाच बंद होईल असे पाच वेढे घट्ट दिले आणि तसाच उघडा चाकू वापरत राहिले. घडीचा चाकू घडी न करता. मग बसले कार्ड लिहायला.

मला वाटलं, मूठ तुझी, नोकरी तुझी, कायम व्हायचंय तुला. “जसं असेल तसं लिही” हे तू रीतीने लिहिलंयस आणि खरं म्हणजे चांगलं लिही म्हणतोयस, असंच मी धरून चालले. दुसऱ्यांदा तू स्पष्ट विचारलंस तेव्हा तुझा हेतू कळला होता. पण तोवर तू कायम झाला होतास. कार्ड खोटं निघालं आणि कार्डवाली तुझी बहीण निघाली, तर तू परत भिंतीकडे तोंड करून पडशील, एवढंच मला दिसलं. म्हणून परत खोटं लिहिलं, आणि वर तुलाच चार शब्द सुनावले.

वीस चाकू आले तशी मी उठले. बाकाबाकावर जाऊन सगळ्यांना सांगितलं, माझ्यासारखे फितीचे वेढे द्या. का, ते सांगितलं नाही. मुठीला पकड चांगली येते म्हटलं. सगळ्यांनी दिले. मैनानेही दिले.

मंगळवारी दुपारी मैनाचा चाकू मिटला. तिच्या मुठीवर फीत नव्हती. कधी सोडली, का सोडली, ठाऊक नाही. उजव्या हाताची तर्जनी, आतली शीर तुटली. ती ओरडलीही नाही, गुणगुणणं थांबलं म्हणून मी वर पाहिलं. डॉक्टर म्हणतात, बोट राहील, थोडं वाकेलही, पण चिमटीत काही धरता येणार नाही. आमचं सगळं काम चिमटीचं आहे, बारक्या. डोळा भाताच्या शितापेक्षा थोडा मोठा असतो.

मी कार्ड भरलंय, खरं. सोबत आहे. माझं आधीचं काढ, चिठ्ठी काढ, चाकू थांबव. वही कपाटातून काढून मालकांपुढे ठेव. माझं नाव सांगायचं असेल तर सांग. तुझं जे व्हायचं ते होवो असं लिहायला हात धजत नाही, पण तरी लिहिते.

ताई


१९ फेब्रुवारी

महोदया,

आपला दिनांक ६ फेब्रुवारीचा अभिप्राय मिळाला. आमच्या घडीच्या चाकूबाबत आपल्याला आलेल्या अनुभवाबद्दल आम्हाला खेद वाटतो. हा चाकू हजारो लोक समाधानाने वापरत आहेत. अनुभवी कारागिरांना असा त्रास होत नाही, आणि हात चुकला तर तो चाकूचा दोष नसतो, हे आपण जाणताच. आपल्या माहितीसाठी याच व्यवसायातील एका कारागिराचे मत सोबत जोडत आहोत. तसेच एक नवा चाकू सप्रेम पाठवत आहोत. वापरून झाल्यावर खोक्यातील कार्डावर आपला अभिप्राय अवश्य कळवावा.

आपला नम्र,
अभिप्राय विभाग

ताई, वरचं मीच टाइप केलंय, दुसऱ्या कुणी नाही.

तुझं दुसरं कार्ड आणि वही, दोन्ही घेऊन मालकांकडे गेलो होतो. ते म्हणाले, एकाच बाईची दोन कार्डं आहेत, यातलं खरं कोणतं? बोट कापायच्या आधीचं की रागाच्या भरात लिहिलेलं? मी म्हणालो, दुसरं. ते म्हणाले, तुला कसं कळलं, तू ओळखतोस का तिला? मी म्हणालो, नाही. त्यांनी वही ठेवून घेतली. मला उत्तर लिहायला सांगितलं, मी लिहिलं.

मी तुला दोनदा विचारलं होतं. मला नोकरी राखायची असती तर तुला चाकू पाठवलाच नसता, सफरचंदवाले काय कमी होते? जगात एक माणूस माझ्याशी खोटं बोलणार नाही असं वाटत होतं, म्हणून पाठवला. वजनकाट्यांच्या वेळी मी आठ महिने पडून होतो, पण तेव्हा मला स्वतःची लाज वाटत नव्हती. ते तुला कधी कळलं नाही. तू फक्त ताट बघितलंस, खाल्लं की नाही.

तू मला नोकरीत ठेवलंस. नोकरीत राहिलेला माणूस काय लिहितो ते वर आहे.

मैनाबाईंना काय सांगू? माझ्याकडे त्यांच्यासाठी मजकूर नाही.

बारक्या


१ मार्च

बारक्या,

तुझं टाइप केलेलं मी दोनदा वाचलं आणि हाताने लिहिलेलं एकदाच. दुसऱ्यांदा वाचवेना. तुझा राग खरा आहे.

काल मैनाकडे गेले होते. खाटेवर बसून डाव्या हाताने बटण लावायचा प्रयत्न करत होती, मला बघितल्यावर सोडून दिलं. तू पाठवलेली चिठ्ठी मी तिच्यापुढे ठेवली. म्हणाली, ही माझ्याकडे आहे, चाकूच्या खोक्यातली. मी म्हटलं, ही बाई मीच. मग सगळं सांगितलं. तिसरा दिवस, फीत, तू, तुझी दोन्ही पत्रं, माझी दोन्ही उत्तरं. काही झाकलं नाही, आता झाकायला उरलंय काय?

तिने चिठ्ठी डाव्या हाताने उचलली. मग म्हणाली, “तुझं ऐकून मी फीत गुंडाळली होती. मग हे वाचलं. म्हटलं, तू आहेस भित्री, तुला सगळ्याला वेढे द्यायची सवय. आणि ही बाई एवढं छातीठोक सांगते, खुशाल भरवसा ठेवा म्हणून. तुझं ऐकू की हिचं, असं झालं. तिला खोटं बोलून काय मिळणार होतं? म्हणून सोडली.”

ती रडली असती, तिने मला दोन शिव्या घातल्या असत्या, तर मला बसायला सोपं गेलं असतं. निघाले तेव्हा दारापर्यंत आली आणि विचारलं, “मग, झाला का तुझा भाऊ कायम?”

मी म्हटलं, झाला.

“बरं झालं,” म्हणाली. टोचून नाही बोलली ती. खरंच तसं म्हणाली, आणि तेच मला आता जन्मभर पुरणार आहे.

आज सकाळी मी बाकाबाकावर जाऊन सगळ्यांचे चाकू मागून घेतले आणि का ते सांगितलं, सगळं. मुकादम म्हणाला, तू उद्यापासून त्या टोकाच्या बाकावर बस. मी बसणार आहे. एकोणीस जणांनी एकोणीस कार्डं भरली, ज्याच्या मुठीला फीत आहे त्याने ती का आहे ते लिहिलं. विसावं कार्ड मैनाने सांगितलं आणि मी लिहिलं. तिने एवढंच सांगितलं: चाकू हलका आहे. एकविसावं माझं आहे. त्यावर मी या वेळी नाव घातलंय. पहिलं कार्ड खोटं का लिहिलं तेही घातलंय, आणि अभिप्राय विभागात बसतो तो माझा सख्खा भाऊ आहे, त्याने मापं मोजली होती, मला दोनदा विचारलं होतं आणि मी दोनदा खोटं बोलले, तेही घातलंय.

हे पार्सल तुझ्या टेबलावर येणार नाही. ते मी मालकांच्या घरच्या पत्त्यावर पाठवलंय, आणि तेवढंच दुसरं, तशीच एकवीस कार्डं उतरवून, मालाची तपासणी करणाऱ्या सरकारी कचेरीत दिलंय. पोच घेतली आहे. हे पत्र तुला मिळेल तेव्हा दोन्ही पोचलेली असतील. तुला आधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तू काय म्हणाला असतास ते मला माहीत नाही, आणि माहीत नाही याचंच मला फार वाईट वाटतंय.

तुझी नोकरी मीच राखली होती, ती मीच घालवते आहे. तुला माझं तोंड बघायचं नसेल तर ते मी समजू शकते.

मागची खोली झाडून घेतली आहे. गादी उन्हात टाकली होती, आत आणली. खाट या वेळी भिंतीपासून काढून खिडकीपाशी लावली आहे. खिडकीची कडी अजून लागत नाही.

ताई